यादवरावांचा स्क्रेपर

माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला पाच हुक आहेत. कात्री, किसणी, पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि बॅटरी. यातली कुठलीही वस्तू हवी असेल तर आधी हुकाला आपला बिल्ला अडकवायचा आणि मगच ती न्यायची. बिल्ले म्हणजे बाटल्यांची झाकणं, खिळ्याने भोक पाडलेली, वर नंबर कोरलेले. माझा नवरा यशपाल, त्याचा नंबर एक, माझा दोन. स्वतःचा नंबर मात्र सासऱ्यांनी ४४१७ ठेवला आहे. कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांचा तोच होता.

ते आमच्याकडे जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगला राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात मी वैतागून गेले होते. कोथिंबीर कापायला माझ्याच घरात माझाच बिल्ला! एकदा घाईत मी तशीच कात्री उचलली, तर बाबा शांतपणे म्हणाले, "उत्कर्षा, स्टोअरचा नियम आहे बेटा. हत्यार गेलं तर त्याच्या जागी माणूस दिसला पाहिजे." मी दात ओठ खाऊन बिल्ला अडकवला. महिनाभराने लक्षात आलं की घरात कात्री शोधण्यावरून होणारी भांडणं बंद झाली आहेत. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

यादवराव म्हणजे माझे सासरे. विदर्भातल्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. सासूबाई, अंजनाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि यशपालने हट्टाने त्यांना इकडे आणलं. आउसलेंडरबेहोर्डेने, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीने, बरीच कागदपत्रं मागितली, पण शेवटी परवाना दिला, तो यशपालच्या पगाराकडे बघून. यशपालची नोकरी आहे तोवर बाबा इथे. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि त्यामुळे ते या घरात थोडे पाहुण्यासारखे वागतात. त्याचा मला राग येतो, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्यांनी एक कोपरा धरला आहे. विद्यापीठातली मुलं सायकली घेऊन येतात, बाबा त्या दुरुस्त करून देतात. जर्मन येत नाही. "गेनाऊ" म्हणजे 'अगदी बरोबर', एवढा एक शब्द येतो, तो ते सगळीकडे वापरतात आणि चक्क निभावून नेतात. त्या कोपऱ्यात एक कापडी गुंडाळी असायची. आत एक तीनधारी स्क्रेपर. यंत्राचा पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट करायचं हत्यार, लाकडी मुठीचं. ती मूठ इतकी वापरलेली की अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. त्याने बाबा कधी काम करत नसत. दर रविवारी तेल लावून परत गुंडाळून ठेवत.

तो स्क्रेपर त्यांचा नव्हता. गेन्नादी नावाच्या रशियन फिटरचा होता. १९७९ मध्ये कारखान्यात रशियन यंत्रं बसली, तेव्हा ती बसवायला जी माणसं आली त्यांतला तो एक. दोन वर्षं राहिला. बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे, त्याच्या हाताखाली लावलेले. जाताना त्याने आपला स्क्रेपर बाबांना दिला आणि त्यांच्या छातीवरचा पितळी बिल्ला काढून खिशात टाकला. स्टोअरचा नियम. हत्यार आणून दे, बिल्ला घेऊन जा. बाबांना बिल्ला हरवल्याबद्दल मेमो मिळाला. नवा बिल्ला मिळाला, नंबर तोच. एवढी गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती.

या वर्षी एप्रिलमध्ये बाबांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "यश, इथून रशिया जवळ आहे म्हणतात. मला एकदा ते हत्यार परत करायचं आहे."

यशपाल माझ्याकडे बघत राहिला. त्याचं कारण असं. यशपाल गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत आहे, करारावर. करार तीस सप्टेंबरला संपतो आणि नियमाप्रमाणे तो आता वाढवता येत नाही. शेजारच्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या एका कंपनीने त्याला कायमची नोकरी देऊ केली होती. उपग्रहांसाठी आरसे बनवणारी छोटी कंपनी, कामही अगदी त्याच्या हातचं. अट एकच. तिथे सुरक्षातपासणी होते. मोठा फॉर्म असतो, आणि त्यात काही देशांची यादी असते. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा या देशांशी काही संबंध? रशिया त्या यादीत होता. यशपालने 'नाही' वर खूण केली होती.

"बाबा, रशियाचं नावही काढू नका," तो म्हणाला. "आल्झो, म्हणजे, निदान ही तपासणी होईपर्यंत. कुणी विचारलं तर तुम्ही फिटर होतात, बस. रशियन वगैरे काही सांगू नका."

"म्हणजे लपवायचं?"

"लपवायचं नाही. सांगायचं नाही."

बाबा म्हणजे आयुष्यात कुठे गप्प न बसलेला माणूस. साहेब असो की शेजारी, समोर आला की खणखणीत जय भीम करणारा. 'आडनावावरून लोक ओळखतात, बदलून टाक' असा सल्ला देणाऱ्याला घराबाहेर काढणारा. तो माणूस मान हलवून खाली केलरमध्ये गेला. मला ते बघवलं नाही, म्हणून मी मध्ये पडले. आणि पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या त्या मध्ये पडण्याने झाली, हेही इथेच सांगून टाकते.

मी नकाशा काढला. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला किर्केनेस नावाचं गाव आहे. तिथून रशियाची हद्द मोटारीने पाऊण तासाच्या आत. नॉर्वेला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, इथला परवाना चालतो. रशियात पाऊल टाकायचं नाही, नुसता लांबून बघायचा. बाबांचं मन राहील, फॉर्मलाही धक्का लागणार नाही. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. यशपालने आठवडाभर कुरकुर केली आणि जूनअखेरची तिकिटं काढली.

किर्केनेस बघून मला आधी वाटलं, यासाठी तीन विमानं बदलली? बंदर, गंजलेली जहाजं, बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीची अवाढव्य इमारत, आणि रंगीत लाकडी घरं. उन्हाळा असून अंगावर जाड जाकीट. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे गावात कुणाला घरी जायची घाई नाही, असं मला उगाच वाटत राहिलं. पण बाबा? बाबा गावात शिरल्यापासून लहान झाले होते. रस्त्यांच्या पाट्या दोन लिप्यांत, एक नॉर्वेची आणि खाली रशियन. बाबा एकेका पाटीखाली उभे राहून अक्षरं जुळवत होते. गेन्नादीने त्यांना यंत्रांवरच्या पाट्या वाचायला शिकवलं होतं. सेहेचाळीस वर्षांनी ती अक्षरं त्यांना ओळखू येत होती. यशपाल दहा पावलं पुढे चालत होता आणि सारखा मागे बघत होता, कुणी ऐकतं तर नाही ना.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण म्हणाली, आधी इथे बाजाराच्या दिवशी पलीकडून माणसं यायची, आम्ही पेट्रोल भरायला तिकडे जायचो. आता कुणी येत नाही. माझी मावशी तिकडेच आहे. तिने हे पाव कापता कापता सांगितलं. बाबांनी मला विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. बाबांनी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशपाल मोटार आणायला गेला तेव्हा आम्ही दोघंच नाश्त्याला होतो. मी सहज म्हटलं, "अहो बाबा, एका हत्यारासाठी इतकं? तो गेन्नादी आता असेल तरी का?"

"नसेल," बाबा म्हणाले. "माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. नसेलच." मग समोरचा काचेचा ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला. "आमच्या खात्यात पाण्याचा पिंप होता. त्याच्यावर पंधरा ग्लास. माझा वेगळा, खिडकीत. बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका. कुणी ऑर्डर काढली नव्हती बेटा, कुणी तोंडाने बोललं पण नव्हतं. मी रुजू झालो त्या दिवशी ठिपका आधीच लावलेला होता. पुढे एकोणऐंशीला गेन्नादी आला, मे महिना, घामाने भिजलेला. त्याने खिडकीतला ग्लास उचलला आणि पाणी प्यायला. दुभाषा धावला, हा नको, तो घ्या. त्याने विचारलं, का? दुभाष्याला काही सांगता येईना. गेन्नादीने माझ्याकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं. मग दोन वर्षं तो त्याच ग्लासाने पाणी प्यायला. पिंपावरचे पंधरा ग्लास सोडून."

मी विचारलं, "यशपालला माहीत आहे हे?"

"त्याला कशाला? तो शिकला, इथे आला. त्याच्या डोक्यात ठिपका कशाला घालू?"

मी ग्लास परत त्यांच्यासमोर ठेवला.

त्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. याकोब्सएल्व नावाची, समुद्राला मिळणारी. नदी म्हणायची म्हणून म्हणायची, आमच्याकडे तिला ओढा म्हणतील. अलीकडे पिवळा खांब, पलीकडे लाल-हिरवा. पलीकडे रशिया, दगडगोटे आणि खुरटी झुडपं, अलीकडे आहे तसंच सगळं. एक मोठी पाटी होती, चित्रांसकट. नदीपलीकडे जायचं नाही, पलीकडच्या माणसांशी बोलायचं नाही, काही फेकायचं नाही. यशपालने ती बाबांना मराठीत वाचून दाखवली. दोनदा. बाबा म्हणाले, "गेनाऊ."

यशपाल मोटारीतून थर्मास आणायला वळला. थोड्या अंतरावर नॉर्वेचे दोन सैनिक होते, एक मुलगी आणि एक मुलगा, ते एका जर्मन कुटुंबाशी बोलत होते. बाबांनी जाकिटाच्या आतून गुंडाळी काढली. मी ती बघितली. मी ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही, कारण सकाळचा तो ग्लास माझ्या डोक्यातून जात नव्हता.

बाबा पाण्यापर्यंत गेले, सरळ उभे राहिले आणि मोठ्याने रशियनमध्ये काहीतरी म्हणाले. त्यातलं 'गेन्नादी' तेवढं मला कळलं. मग म्हणाले, "चव्वेचाळीस सतरा!" आणि फेकला. बहात्तर वर्षांच्या माणसाचा हात, पण फिटरचा. स्क्रेपर उन्हात एकदा चमकला आणि पलीकडच्या काठावर, पाण्यापासून हातभर वर, दगडावर आपटला. खण्ण आवाज झाला. मी डोळ्यांनी बघितलं.

सैनिक मुलगी धावत आली. तिशी सुद्धा नव्हती, वीस-एकवीसची असेल, गालावर मुरुमं. आवाज अगदी सौम्य, पण कान लाल झालेले. तिने पासपोर्ट मागितले. मग तिने इंग्रजीत एकच प्रश्न नीट विचारला. वस्तू कुठे पडली? नदीच्या मध्याच्या अलीकडे की पलीकडे? तिची पाठ होती, तिने पडताना पाहिलं नव्हतं. अलीकडे पडली असेल तर समज देऊन सोडता येईल. पलीकडे पडली असेल तर प्रकरण दोन देशांचं होतं. अहवाल पलीकडच्या अधिकाऱ्यांकडे जाईल, नावासकट.

यशपाल थर्मास घेऊन पांढराफटक उभा होता.

"पलीकडे," बाबा मराठीत म्हणाले. "तिला सांग उत्कर्षा, पलीकडे पडलं. जमा झालं."

आणि मी त्या मुलीला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, हातातून निसटलं. पाण्यात पडलं, अलीकडे. धिस साइड."

तिने टॅबलेटवर तसं लिहिलं आणि बाबांसमोर सहीसाठी धरलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला 'धिस साइड' कळतं. मला ते तेव्हाच आठवायला हवं होतं. त्यांनी सही केली. परत येताना विमानात ते खिडकीशी बसले आणि म्युनिकपर्यंत बाहेरच बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी केलरमधलं काम बंद केलं. मुलं सायकली घेऊन यायची आणि परत जायची. हुकांवरचे बिल्ले ते अजून तपासत, पण मला कधी टोकत नसत. मी एकदा मुद्दाम बिल्ला न लावता कात्री नेली. ते बघूनही गप्प राहिले. त्या दिवशी मला रडू आलं. मी त्यांचं बोलणं बदललं होतं. ज्या माणसाने जन्मभर स्वतःचं स्वतः सांगितलं, त्याच्या तोंडात मी माझे शब्द घातले होते आणि वर त्यावर त्याची सही घेतली होती.

ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या पोलिसांचं पत्र आलं. समजपत्र, जबाबाची प्रत जोडून. पत्र आलं म्हणजे ते कंपनीला कळवणं भाग होतं. तपासणी चालू असताना काही घडलं तर पुरवणी फॉर्म भरायचा असतो. शनिवारी सकाळी यशपाल स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला. मी समोर, बाबा खिडकीपाशी.

"एवढंच लिहितो," यशपाल म्हणाला. "प्रवासात वडिलांच्या हातून एक अवजार नदीत पडलं. समज मिळाली. संपलं. रशियाशी संबंध, नाही."

मला राहवलं नाही. "संबंध नाही? तुला माहीत तरी आहे का तो संबंध काय होता?"

"उत्कर्षा," बाबा म्हणाले. "नको."

मी ऐकलं नाही. मी ग्लास सांगितला. खिडकी, लाल ठिपका, पिंपावरचे पंधरा ग्लास, सगळं. यशपाल ऐकत होता. एकेचाळीस वर्षांचा माणूस, डॉक्टरेट केलेला, आणि हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याने बाबांकडे वळून विचारलं, "तुम्ही त्याच ग्लासातून प्यायचात? छत्तीस वर्षं?"

"नाही रे. त्याच्यानंतर ठिपका कुणीतरी खरवडून टाकला. कुणी ते मला माहीत नाही." मग बाबा उठून त्याच्यामागे येऊन उभे राहिले. "हे बघ यश. तू लिहितोयस तेच बरोबर आहे. अलीकडे पडलं. म्हातारा हात, पोचलं नाही. मी सही पण केली आहे. संबंध नाही लिही. तुझी नोकरी राहू दे."

बाबांच्या तोंडून 'संबंध नाही लिही' हे मला ऐकवेना. मी म्हटलं, "अहो बाबा, असं नका म्हणू."

यशपालने 'नाही' वरची खूण काढली. खाली रकाना उघडला, 'संबंधाचं स्वरूप'. त्यात तो जर्मनमध्ये लिहू लागला. लिहिता लिहिता मोठ्याने मराठीत सांगत होता, बाबांना कळावं म्हणून. "माझ्या वडिलांना १९७९ ते १९८१ या काळात एका रशियन फिटरने काम शिकवलं. तो त्यांच्याच ग्लासातून पाणी पीत असे. त्याचं हत्यार माझ्या वडिलांनी २८ जून रोजी परत केलं. ते नदीच्या पलीकडच्या काठावर पडलं. आधीच्या फॉर्ममध्ये मी हा संबंध लपवला होता."

"अरे, नोकरी जाईल," बाबा म्हणाले.

"जाऊ शकते."

"माझा परवाना पण जाईल. मला परत जावं लागेल."

यशपालचा हात थांबला. हे त्यालाही माहीत होतं, पण बाबांनी तोंडाने म्हटल्यावर तो अडला. मी त्याच्या हातून लॅपटॉप ओढून घेतला. रकान्याच्या खाली मी माझं नाव घातलं आणि लिहिलं, की नदीवर दुभाषाचं काम मी केलं, माझ्या सासऱ्यांनी 'पलीकडे' असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. नॉर्वेच्या पोलिसांनाही तेच कळवलं. मग मी पाठवायचं बटण दाबलं, कारण यशपालला ते दाबवलं नसतं.

आज अकरा सप्टेंबर. उत्तर आलेलं नाही. तपासणी लांबली आहे, एवढंच कंपनीने कळवलं. करार संपायला एकोणीस दिवस आहेत. यशपाल इतर ठिकाणी अर्ज करतो आहे. घरात सगळे एकमेकांशी फार जपून बोलतात, आणि टपालपेटीची किल्ली सकाळी कोण घेऊन जातं यावरून मात्र रोज वाद होतो.

त्या शनिवारी फॉर्म गेल्यावर यशपाल बाहेर चालायला गेला. मी भांडी घासत होते. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डाव्यातही सुरू झाला आहे, आणि नदीवर त्या दिवशी सूर्य समोर होता. हे सगळं मला माहीत होतं, पण एकत्र कधी सुचलं नव्हतं.

"उत्कर्षा," ते म्हणाले, "मी फक्त आवाज ऐकला. खण्ण असा. दगडावर पडलं असं वाटलं, म्हणून पलीकडे म्हणालो. मला दिसलं नाही बेटा. खरंच पोचलं होतं का गं?"

मी नळ बंद केला.

"पोचलं, बाबा," मी म्हटलं. "पाण्याच्या हातभर वर. मी बघितलं."